गुरूच्या उपग्रहांजवळून गेलेल्या यानांच्या चुंबकीय नोंदी कशा वाचाव्यात

२७ जून १९९६ रोजी गॅलिलिओ यान गॅनिमीड या गुरूच्या सर्वांत मोठ्या उपग्रहाच्या पृष्ठभागापासून ८३५ किलोमीटरवरून गेले. त्या वेळी यानावरील मॅग्नेटोमीटरने नोंदवलेले चुंबकीय क्षेत्र काही मिनिटांत सुमारे १२० नॅनोटेस्लांवरून (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) ४८० नॅनोटेस्लांच्या आसपास चढले आणि तितक्याच लवकर पुन्हा खाली उतरले. आलेखावरच्या या एका उंचवट्यातून स्वतःचे चुंबकीय क्षेत्र बाळगणारा सूर्यमालेतील पहिला उपग्रह ओळखला गेला. ज्या आकड्यांवरून हा निष्कर्ष निघाला, ते आकडे आज कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र, सदिशांची बेरीज-वजाबाकी आणि पायथनसारख्या भाषेत आलेख काढण्याइतका सराव असेल, तर तीन-चार संध्याकाळी बसून हे काम घरीही करता येते. ते कोणत्या क्रमाने करावे आणि कोठे फसगत होते, हे येथे सांगितले आहे.

यान ज्या क्षेत्रातून जाते ते बहुतांशी ग्रहाचे असते आणि उपग्रहाचा वाटा त्यात मिसळलेला असतो. म्हणून ग्रहाचा वाटा काळजीपूर्वक वजा करणे आणि जे उरेल त्याची वेगळ्या वेळी झालेल्या दुसऱ्या उड्डाणाशी (यानाच्या उपग्रहाजवळून जाण्याशी) तुलना करणे, ही दोनच कामे खरी महत्त्वाची आहेत. बाकीची सारी त्यांची पूर्वतयारी असते.

कोणते उड्डाण निवडावे

सुरुवात गॅनिमीडपासून करावी, युरोपा या गुरूच्या दुसऱ्या उपग्रहापासून नव्हे. गॅनिमीडचा संकेत इतका ठळक आहे की हिशेबात थोडी चूक झाली तरी तो दिसल्यावाचून राहत नाही. गॅलिलिओचे पहिले उड्डाण वर सांगितलेले आहे. दुसरे ६ सप्टेंबर १९९६ रोजी केवळ २६१ किलोमीटर उंचीवरून, गॅनिमीडच्या ध्रुवीय भागाजवळून झाले आणि त्यात क्षेत्र हजार नॅनोटेस्लांच्या पलीकडे गेले. ही दोन्ही उड्डाणे हाताखालून गेल्यानंतर युरोपाची १९ डिसेंबर १९९६ (६९२ किलोमीटर), २९ मार्च १९९८ (१,६४४ किलोमीटर) आणि ३ जानेवारी २००० (सुमारे ३५० किलोमीटर) ही तीन उड्डाणे घ्यावीत. जूनो यानाने ७ जून २०२१ रोजी गॅनिमीडजवळून आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी युरोपाजवळून केलेल्या उड्डाणांच्या नोंदीही उपलब्ध आहेत. मात्र पहिल्या प्रयत्नात दोन यानांच्या नोंदी एकत्र करू नयेत.

नोंदी नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टीमच्या प्लाझ्माविषयक (विद्युतभारित कणांच्या वायूविषयीच्या) विभागात ठेवलेल्या आहेत आणि हा विभाग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील केंद्रातून चालवला जातो. गॅलिलिओच्या मॅग्नेटोमीटर गटाच्या प्रमुख मार्गारेट किव्हेल्सन याच विद्यापीठाच्या. युरोपावरील प्रवर्तित (गुरूच्या बदलत्या क्षेत्रामुळे उठणाऱ्या) क्षेत्राच्या अभ्यासात अग्रभागी असलेले कृष्ण खुराना हेही त्याच गटातले.

फाइल उघडण्यापूर्वी उपकरणाविषयी थोडे

मॅग्नेटोमीटर यानाच्या अंगावर बसवत नाहीत, तो लांब दांड्याच्या टोकाला बसवतात. गॅलिलिओवर बाहेरचा संवेदक सुमारे ११ मीटर लांब दांड्यावर होता. यानातील विद्युतप्रवाह आणि धातूचे भाग स्वतःचे क्षेत्र निर्माण करतात व त्यांच्यापासून अंतर राखल्याशिवाय मोजमापाला अर्थ राहत नाही. हा अनुभव आपल्याकडे फार जुना आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय मापन अलिबागला हलवावे लागले, आणि १९०४ पासून तेथे नोंदी घेतल्या जात आहेत. अलिबागला पृथ्वीचे क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लांहून अधिक भरते. युरोपाजवळ आपण शोधतो तो संकेत मात्र काही दहा नॅनोटेस्लांचा असतो, हे प्रमाण मनात असू द्यावे.

गॅलिलिओ आणि जूनो या दोन्ही यानांची मुख्य अंगे स्वतःभोवती फिरत राहणारी. या फिरण्याचा एक मोठा फायदा होतो. परिवलनाच्या अक्षाला काटकोनात असलेल्या दोन घटकांतील शून्यदोष (क्षेत्र नसतानाही उपकरण दाखवते तो आकडा) प्रत्येक फेरीबरोबर एका ठरावीक लयीत डोलताना दिसतो, त्यामुळे तो ओळखून काढता येतो. अक्षाच्या दिशेतील तिसऱ्या घटकाला ही सोय नसते, म्हणून त्याची अचूकता थोडी कमी असते. आपल्याला मिळणाऱ्या नोंदींवर हे संस्कार आधीच झालेले असले, तरी तीन घटक सारख्याच विश्वासाचे नसतात.

गॅलिलिओची मुख्य ॲन्टेना १९९१ मध्ये पूर्ण उघडली नाही आणि सारी माहिती लहान ॲन्टेनावरून अतिशय संथपणे पाठवावी लागली, हेही येथे उपयोगी पडते. उपग्रहाच्या निकट असतानाच्या बारीक नोंदी आधी फितीवर साठवून नंतर सावकाश पाठवल्या गेल्या. त्या सेकंदाला सुमारे तीन या दराने आहेत. बाकीच्या काळातील नोंदी बऱ्याच विरळ आहेत. पार्श्वभूमी, म्हणजे ग्रहाचे क्षेत्र, ठरवण्यासाठी या विरळ नोंदीच लागतात, म्हणून दोन्ही प्रकारच्या फाइली उतरवून घ्याव्यात.

अक्षांचा घोळ आधी मिटवावा

निकट उड्डाणाच्या फाइलीत साधारणपणे वेळ, क्षेत्राचे तीन घटक, त्याचे एकूण मूल्य आणि यानाचे स्थान असे स्तंभ असतात. उपग्रहाला केंद्र मानणाऱ्या प्रचलित पद्धतीत x अक्ष गुरूबरोबर फिरणाऱ्या प्लाझ्माच्या प्रवाहाच्या दिशेने, y अक्ष उपग्रहाकडून गुरूकडे आणि z अक्ष गुरूच्या परिवलन अक्षाला समांतर, उत्तरेकडे असतो. स्थान बहुधा उपग्रहाच्या त्रिज्येच्या पटीत दिलेले असते. गॅनिमीडची त्रिज्या २,६३४ आणि युरोपाची १,५६१ किलोमीटर धरावी.

पहिल्या खेपेस मी क्षेत्र एका फाइलीतून आणि स्थान दुसऱ्या फाइलीतून घेतले होते, आणि एकीत y गुरूकडे तर दुसरीत गुरूपासून दूर होता. आलेख देखणा दिसत होता, द्विध्रुव (दोन ध्रुवांच्या चुंबकासारखे क्षेत्र) मात्र काही केल्या जुळत नव्हता, आणि दोष गणितात नसून निसर्गात आहे असे मी जवळपास एक दिवस समजत राहिलो. तेव्हापासून मी दोन तपासण्या केल्याखेरीज पुढे जात नाही. गुरूचा द्विध्रुव पृथ्वीच्या उलट दिशेचा असल्यामुळे त्याच्या विषुववृत्ताजवळचे क्षेत्र दक्षिणेकडे रोखलेले असते. म्हणजे उपग्रहापासून दूर असताना z घटक ऋण यायलाच हवा. शिवाय उपग्रह गुरूच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या उत्तरेला असेल तेव्हा क्षेत्र गुरूपासून बाहेरच्या बाजूस झुकते, म्हणजे y घटक ऋण होतो, आणि दक्षिणेला असेल तेव्हा धन होतो. यांपैकी काही उलटे येत असेल तर तेथेच थांबावे.

प्लाझ्माच्या प्रवाहाबद्दलही सुरुवातीला गोंधळ होतो. गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटे आणि सुमारे ३० सेकंदांत फिरतो आणि त्याचे क्षेत्र विद्युतभारित कणांना आपल्याबरोबर ओढत नेते. युरोपाच्या अंतरावर, म्हणजे गुरूपासून सुमारे ६ लाख ७१ हजार किलोमीटरवर, पूर्ण सहभ्रमणाचा, म्हणजे गुरूबरोबरच फिरण्याचा, वेग सेकंदाला ११८ किलोमीटर येतो, तर युरोपा स्वतः कक्षेत सेकंदाला १४ किलोमीटरही जात नाही. त्यामुळे प्लाझ्मा उपग्रहाला मागून येऊन गाठतो आणि त्याच्या पुढे निघून जातो. बोटीमागे पाण्यात राहणारी रेघ येथे उपग्रहाच्या पुढे असते. यान तिच्यातून गेले की बाजूने, हे आधी कागदावर आकृती काढून पाहावे.

ग्रहाचे क्षेत्र वजा करणे

यासाठी गुरूच्या क्षेत्राची तयार गणिती प्रतिमाने (मॉडेल) आहेत, परंतु केवळ त्यांवर विसंबून राहणे मला पसंत नाही. उपग्रहांच्या अंतरावर गुरूभोवतीच्या प्लाझ्मातून वाहणाऱ्या प्रवाहांचाही वाटा असतो आणि तो दिवसागणिक बदलतो. त्यापेक्षा त्याच दिवसाच्या नोंदींना पार्श्वभूमी विचारावी. निकटतम बिंदूच्या दोन्ही बाजूंना, उपग्रहापासून साधारण पाच त्रिज्यांच्या पलीकडचे तुकडे घ्यावेत, क्षेत्राच्या प्रत्येक घटकाला वेळेनुसार एक द्विघाती वक्र जुळवावा आणि मधल्या काळासाठी त्याच वक्राची किंमत धरून ती मोजलेल्या किमतीतून वजा करावी. गॅनिमीडजवळून यान सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने जात असेल, तर उपग्रहाच्या दोन त्रिज्यांच्या आतला पट्टा वीस-बावीस मिनिटांत संपतो; तेवढ्या वेळात गुरू जेमतेम १३ अंश फिरतो, म्हणून पार्श्वभूमी सावकाश आणि सुरळीत बदलते असे मानायला हरकत नसते.

येथे एक काम हमखास टाळले जाते, ते टाळू नये. तुकड्यांच्या सीमा थोड्या आतबाहेर सरकवून हीच वजाबाकी चार-पाच वेळा करावी. प्रत्येक वेळी उरलेल्या क्षेत्रात जितका फरक पडेल, ती तुमच्या निष्कर्षातील अनिश्चितता. उपकरण दशांश नॅनोटेस्लापर्यंत मोजत असले, तरी पार्श्वभूमीच्या निवडीमुळे दहा-वीस नॅनोटेस्लांचा फरक सहज पडतो. जी खूण सीमा सरकवताच नाहीशी होते, ती उपग्रहाची नव्हे.

जे उरते त्याचे तीन धनी

वजाबाकीनंतर उरलेले क्षेत्र तीन ठिकाणांहून आलेले असू शकते: उपग्रहाचे अंगभूत क्षेत्र, त्याच्या पोटातील संवाहक थरात गुरूच्या बदलत्या क्षेत्रामुळे उठलेले प्रवर्तित क्षेत्र, आणि उपग्रहावर आदळून वळलेल्या प्लाझ्मामुळे क्षेत्ररेषांना पडलेला बाक. तिसरा प्रकार सर्वांत उपद्रवी असतो. क्षेत्ररेषा उपग्रहाजवळ अडून मागे राहते आणि तिची दोन्ही टोके प्रवाहाबरोबर पुढे जातात; त्यामुळे उपग्रहाच्या उत्तरेला x घटक ऋण आणि दक्षिणेला धन होतो. x घटकात असा प्रकार दिसला तर त्याचे श्रेय आधी प्लाझ्माला द्यावे.

गॅनिमीडच्या बाबतीत अंगभूत क्षेत्र इतके वरचढ आहे की उरलेल्या क्षेत्राला सरळ एक द्विध्रुव जुळवता येतो. द्विध्रुवाच्या आघूर्णाचे तीन घटक एवढेच अज्ञात असतात आणि क्षेत्राचे सूत्र त्यांच्याबाबत एकघाती असते, त्यामुळे लघुतम वर्गांची पद्धत एका ओळीत उत्तर देते. प्रकाशित विश्लेषणांत गॅनिमीडच्या विषुववृत्तावरील क्षेत्र सुमारे ७२० नॅनोटेस्ला आले आहे आणि त्याची दिशा गुरूच्या क्षेत्राच्या जवळजवळ विरुद्ध आहे. तुमचे उत्तर याच्या जवळपास आले तर पद्धत बरोबर बसली असे समजावे. मग एक छोटा हिशेब करून पाहावा: ७२० नॅनोटेस्लांचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होत कोठे १२० नॅनोटेस्लांवर येते? सहाचे घनमूळ सुमारे १.८२, म्हणजे केंद्रापासून १.८ त्रिज्यांच्या आसपास गॅनिमीडचे आणि गुरूचे क्षेत्र बरोबरीला येतात. आलेखात क्षेत्र जेथे अचानक दिशा बदलते ती जागा याच सुमारास सापडते. गुरूच्या अवाढव्य चुंबकांबराच्या (ज्या भागात त्याच्या चुंबकीय क्षेत्राची सत्ता चालते त्या भागाच्या) पोटात असलेल्या या चिमुकल्या चुंबकांबराची ती सीमा. ती आपल्या संगणकावर, आपण काढलेल्या आलेखात दिसते तेव्हा झालेल्या श्रमांचे चीज होते.

युरोपाच्या महासागराचा हिशेब

युरोपाच्या बर्फाखाली खाऱ्या पाण्याचा महासागर असावा, असा निष्कर्ष या नोंदींवरून निघतो; तो कसा, ते आता पाहू. गुरूचा चुंबकीय अक्ष त्याच्या परिवलन अक्षाशी सुमारे १० अंश कललेला आहे. त्यामुळे युरोपावरून पाहिले तर गुरूचे क्षेत्र एकदा इकडे, एकदा तिकडे डोलत राहते. या डोलण्याचा आवर्तनकाळ गुरूच्या ९.९ तासांइतका नसतो, कारण युरोपा स्वतः ८५.२ तासांत त्याच दिशेने प्रदक्षिणा घालत असतो. दोन्ही वारंवारतांची वजाबाकी केल्यास सुमारे ११.२ तास येतात. बदलते क्षेत्र संवाहकात प्रवाह उत्पन्न करते आणि त्या प्रवाहाचे क्षेत्र मूळ बदलाला विरोध करते. युरोपाचा संपूर्ण गोल परिपूर्ण संवाहक असता, तर डोलणाऱ्या घटकाच्या दिशेतील टोकावर, पृष्ठभागापाशी, प्रवर्तित क्षेत्र मूळ घटकाइतकेच आणि उलट दिशेचे भरले असते.

आता हेच आकड्यांत पाहावे. y घटक २०० नॅनोटेस्ला धरला आणि यान त्या टोकावरून गेले असे मानले, तर ६९२ किलोमीटर उंचीवर केंद्रापासूनचे अंतर २,२५३ किलोमीटर होते. १,५६१ भागिले २,२५३ याचा घन ०.३३, म्हणजे संकेत जास्तीत जास्त ६७ नॅनोटेस्ला. १,६४४ किलोमीटर उंचीवर तोच गुणक ०.१२ च्या खाली येतो आणि संकेत २३ नॅनोटेस्लांवर. ३५० किलोमीटरवर मात्र तो ११० च्या आसपास जातो. दिसायला मामुली असलेला उंचीतला फरक किती निर्णायक असतो, हे या तीन आकड्यांवरून कळते.

१९९६ आणि १९९८ च्या उड्डाणांत प्रवर्तित द्विध्रुवाशी जुळणारे क्षेत्र मिळाले होते, परंतु त्या दोन्ही वेळी युरोपा गुरूच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या एकाच बाजूस होता. तसे क्षेत्र कायमस्वरूपी, अंगभूत द्विध्रुवानेही देता आले असते. ३ जानेवारी २००० च्या उड्डाणाच्या वेळी युरोपा विरुद्ध बाजूस होता, पार्श्वभूमीच्या y घटकाचे चिन्ह उलटले होते, आणि उरलेल्या क्षेत्रातील द्विध्रुवही उलटला. अंगभूत चुंबक तीन वर्षांत अशी वेळ साधून उलटत नाही. म्हणून या उड्डाणांचा अभ्यास नेहमी जोडीने करावा, आणि जोडीतली दोन उड्डाणे विरुद्ध टप्प्यांवरची असावीत.

संवाहक थर म्हणजे पाणीच कशावरून, हा पुढचा प्रश्न. लोहगर्भ हे उत्तर चालत नाही. गर्भाची त्रिज्या उपग्रहाच्या निम्मी धरली तरी पृष्ठभागावर संकेत एक-अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के उरतो, आणि निरीक्षणांना परिपूर्ण संवाहकाच्या सुमारे ७० टक्क्यांहून अधिक प्रतिसाद लागतो. बर्फ पुरेसे संवाहक नाही. खारे पाणी मात्र चालते. बदलते क्षेत्र संवाहकात किती खोल शिरते ते २ भागिले चुंबकीय पार्यता, संवाहकता आणि कोनीय वारंवारता यांचा गुणाकार, याच्या वर्गमूळावरून मिळते. मीटरला २.७५ सीमेन्स ही समुद्राच्या पाण्यासारखी संवाहकता आणि ११.२ तासांचा आवर्तनकाळ घेतल्यास उत्तर सुमारे ६० किलोमीटर येते. थराची जाडी या मापाच्या आसपास किंवा अधिक असेल तर प्रतिसाद जोरकस मिळतो. येथे एक अडचण राहते: एकाच आवर्तनकाळावर थोडे खारट पण जाड आणि फार खारट पण पातळ असे दोन थर जवळजवळ सारखेच वागतात. ११.२ तासांबरोबर युरोपाच्या कक्षेचा ८५ तासांचा मंद बदलही मोजता आला तरच जाडी आणि क्षारता वेगळ्या करता येतात, आणि त्यासाठी तीन उड्डाणे पुरत नाहीत.

फसगतीच्या जागा

गॅनिमीडच्या पोटातील महासागराबाबत गॅलिलिओच्या नोंदी दोन्ही बाजूंनी बोलतात. प्रवर्तित क्षेत्र धरले तरी त्या जुळतात आणि अंगभूत क्षेत्राला थोडी अधिक गुंतागुंत दिली तरीही जुळतात. हा पेच सोडवण्यास उड्डाणांच्या बाहेरचा पुरावा लागला. हबल दुर्बिणीतून गॅनिमीडवरील ध्रुवीय प्रकाशाचे पट्टे किती डोलतात ते मोजले गेले. महासागराचे प्रवर्तित क्षेत्र हे डोलणे कमी करते; महासागर नसता तर ते सुमारे ६ अंश डोलले असते, प्रत्यक्षात डोलणे २ अंशांच्या आसपास निघाले, आणि हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आयो या गुरूच्या आणखी एका उपग्रहाच्या बाबतीत उलट घडले. गॅलिलिओच्या चुंबकीय नोंदींवरून २०११ मध्ये तेथे वितळलेल्या खडकाचा जागतिक थर असल्याचे मांडले गेले, परंतु जूनोने केलेल्या गुरुत्वीय मापनांवरून २०२४ मध्ये पृष्ठभागाखाली उथळ असा अखंड मॅग्मासागर नसल्याचे दिसून आले. यासाठी प्लाझ्मा तरंग, भारित कण, गुरुत्व यांच्या नोंदी शेजारी ठेवाव्यात. विशेषतः तरंगांच्या नोंदीवरून इलेक्ट्रॉनांची घनता कळते आणि प्लाझ्मामुळे पडणारा बाक किती मोठा असावा याचा अंदाज येतो.

उड्डाण ज्या क्षणी होते तो क्षण नेहमीचा असेलच असे नाही. व्हॉयेजर २ हे युरेनसजवळून गेलेले आजवरचे एकमेव यान, तेही २४ जानेवारी १९८६ रोजी एकदाच. त्या भेटीवरून युरेनसच्या चुंबकांबराची जी कल्पना रुजली, तिची फेरतपासणी २०२४ मध्ये झाली तेव्हा असे आढळले, की यान पोहोचण्याच्या थोडे आधी सौर वाऱ्याच्या झोताने ते आवरण दाबले गेले होते आणि तशी स्थिती तेथे फार थोडा काळ असते. म्हणून आपल्या उड्डाणाच्या आधीच्या काही दिवसांच्या नोंदीही चाळाव्यात.

आणि ज्या फाइली कामाच्या नाहीत असे वाटते त्या पुसून टाकू नयेत. १६ डिसेंबर १९९७ रोजी गॅलिलिओ युरोपापासून अवघ्या २०० किलोमीटरवरून गेले, पण त्या वेळी युरोपा दाट प्लाझ्मात होता आणि महासागराच्या हिशेबासाठी ते उड्डाण फारसे उपयोगी नव्हते. निकटतम बिंदूजवळ सुमारे तीन मिनिटे क्षेत्रात एक विचित्र वळण होते, आणि त्याच सुमारास प्लाझ्मा तरंगांच्या नोंदीतही बदल होता. २०१८ मध्ये किव्हेल्सन आणि खुराना यांचा समावेश असलेल्या गटाने या तीन मिनिटांचा अर्थ युरोपातून उसळणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यातून यान गेले असावे, असा लावला.

हे काम करून झाल्यावर आपण वापरलेल्या काळाच्या सीमा, अक्षांची व्याख्या आणि वक्राचा घात आज्ञावलीच्या माथ्यावरच लिहून ठेवावेत आणि उपग्रहाची त्रिज्या, आवर्तनकाळ वगैरे आकडे सहज बदलता येतील असे ठेवावेत. नासाचे युरोपा क्लिपर यान १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघाले आहे, ते एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचेल, आणि युरोपाजवळून त्याची ४९ उड्डाणे ठरलेली आहेत; युरोपीय अवकाश संस्थेचे ज्यूस यान २०३१ मध्ये पोहोचून पुढे गॅनिमीडभोवतीच फिरू लागेल. क्लिपरची उड्डाणे ११.२ आणि ८५ तासांच्या दोन्ही आवर्तनांच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर पसरलेली असल्यामुळे, वर अडून राहिलेला जाडीचा आणि क्षारतेचा हिशेब त्याच आज्ञावलीत पुन्हा घालून पाहता येईल.